जैतुनाचें रोप आणि आपलें अंगण

नोहाच्या कबुतरानें आणलेलें पान जैतुनाचें होतें हें आपल्यांतलें पोरहि जाणतें. पण अहिल्यानगर जिल्ह्याच्या काळ्या जमिनींत तें झाड पाहिलेले थोडेच. अभ्यंगाचें पवित्र तेल जैतुनाचेंच असावें, असा लॅटिन ख्रिस्तसभेचा शतकानुशतकांचा दंडक होता. जेथें हें झाड होत नाहीं तेथील बिशपांची अडचण जाणून १९७० सालीं तो शिथिल झाला. १९७२ सालीं पोप सहावे पॉल यांनीं रुग्णाभ्यंगासहि अन्य वनस्पतींचें तेल मान्य केलें. तेव्हां केवळ तेलासाठीं रोप लावण्याचें कारण उरलें नाहीं.

राजस्थानांत २००८ च्या सुमारास इस्रायलच्या साहाय्यानें जैतुनाच्या बागा उभ्या राहिल्या, हें खरें. परंतु मोहोर येण्यास या झाडाला हिंवाळ्यांत कित्येक आठवडे थंडी लागते; आपला गारठा तितका टिकत नाहीं. तरीहि कोणास हौस असेल त्यानें अर्बेक्विना जात निवडावी. ती थंडी कमी मागते आणि बऱ्याच अंशीं एकटीहि फळूं शकते. काळ्या मातींत पाणी तुंबून मुळें कुजतात, म्हणून मुरमाड उंचवटा अथवा तळाशीं भोंक असलेली मोठी कुंडी घ्यावी. ऊन भरपूर असावें. फळाची आशा धरूं नये. झावळ्यांच्या रविवारीं एक डहाळी मिळाली तरी पुष्कळ. जैतुनाच्याच कुळांतले मोगरा व पारिजातक तर आपल्या कुंपणाशीं केव्हांचेच फुलत आहेत.