मंडळे आणि त्यांच्या वह्या

महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना १९८३ साली परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी गोकुळ शिरगावला आपली केआयटी सुरू झाली. अशा महाविद्यालयांत विद्यार्थी मंडळे आली ती देशपातळीवरच्या संस्थांच्या शाखा म्हणून. संगणकवाल्यांची कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया १९६५ची, तंत्रशिक्षणाची आयएसटीई १९६८ची. वक्ता बोलवायचा, वर्गणी गोळा करायची, हिशेब द्यायचा, हे मुले तिथेच शिकत.

२००७ साली भारतात ‘बाहा’ स्पर्धा आली. एकआसनी गाडी विद्यार्थ्यांनीच आखायची, बांधायची आणि पिथमपूरच्या खडबडीत मार्गावर पळवायची. कोल्हापूरच्या मुलांना शिवाजी उद्यमनगर हाताशी. कागदावर बरोबर दिसणाऱ्या सांध्यात वेल्डिंगचा रॉड जाणार कुठून, असे मिस्त्रीने विचारले की ड्रॉइंग पुन्हा काढायचे.

मात्र चार वर्षांत मंडळातली सगळी माणसे बदलतात. बक्षिसे कपाटात राहतात. काय मोडले आणि का मोडले, हे माणसांबरोबर निघून जाते. मित्रहो, घरी जुनी ड्रॉइंग, हिशेबाच्या वह्या असतील तर महाविद्यालयाच्या ग्रंथालयात द्या. मागून येणाऱ्यांच्या निदान त्याच चुका तरी टळतील.