काटकसरीचा थाट

‘हायब्रीड’ म्हटलं की आमच्या वडिलांना ज्वारी आठवते. मला, वाहनकर्जाच्या टेबलावर बसून, मोटारी आठवतात. माणूस मोटार हिशेब करून घेतो, ही माझ्यातल्या बी.कॉम.ची भाबडी समजूत. या मोटारींच्या इतिहासानं तिचं दिवाळं काढलं.

पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणारी टोयोटाची प्रियस १९९७ साली जपानात आली. २००३ मध्ये तिनं उतरत्या पाठीचं आगळं रूप घेतलं आणि अमेरिकेत तिची चलती झाली. होंडानं २००४ च्या अखेरीस अ‍ॅकॉर्ड हायब्रीड केली. दिसायला मात्र नेहमीचीच. २००७ साली तिचं उत्पादन थांबलं. कारणं अनेक असतील. पण शेजाऱ्याला दिसणार नसेल तर काटकसर करायची कशाला, हेही त्यातलं एक असावं!

श्रीमंतांची तऱ्हा निराळी. त्याच २००७ साली लेक्ससची एलएस ६००एच एल आली. पाच लिटरचं आठ सिलिंडरी इंजिन, शिवाय बॅटरी. अमेरिकेतली किंमत लाख डॉलरच्या वर! रूप थोरल्या एलएसचंच, बोधचिन्हाला तेवढी निळसर झाक. म्हणजे साबुदाण्याच्या खिचडीवर साजूक तूप, वर श्रीखंड, आणि म्हणायचं, ‘आज उपास आहे हो!’

हसलो खरा. पण मी स्वतः बँकेत सायकलनं जातो, आणि ती नेमकी साहेबांच्या खिडकीखाली लावतो.

परवा साहेब रजेवर होते. मी रिक्षानं गेलो.