टिळक ब्रिज, शिवाजी ब्रिज

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत रेल्वेच्या पुलांचे काय काम, असे आपल्याला वाटेल. पण फरीदाबादहून नवी दिल्लीला रोज ये-जा करणाऱ्या आपल्या मंडळींनी निजामुद्दीननंतर दोन पाट्या नक्की वाचल्या असतील: टिळक ब्रिज आणि शिवाजी ब्रिज. राजधानीच्या मधोमध ही नावे कशी आली, ते रेल्वेतला एक इंजिनिअर म्हणून थोडक्यात सांगतो.

आपली आग्रा-दिल्ली लाइन १९०४ साली सुरू झाली. ती जी.आय.पी.ची, म्हणजे १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी नेणाऱ्या कंपनीची. १९११ च्या दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला आणण्याची घोषणा झाली आणि नव्या शहराच्या आखणीत ही लाइन आडवी आली. आज जेथे इंडिया गेट आहे, त्या भागातूनच रूळ जात होते. ते उचलून यमुनेच्या बाजूने नेले. नवी लाइन १९२४ साली सुरू झाली. या वळवलेल्या लाइनसाठी रस्त्यांवर जे पूल झाले, त्यांतलेच हे दोन. त्यांना व्हाइसरॉयांची नावे मिळाली, हार्डिंग आणि मिंटो.

आता योगायोग पाहा. मिंटोंच्या कारकिर्दीत, १९०८ साली, लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला पाठवले गेले. १९१४ साली ते सुटले, तेव्हा व्हाइसरॉय होते हार्डिंग. स्वातंत्र्यानंतर हार्डिंग पुलाचा टिळक ब्रिज झाला आणि मिंटो पुलाचा शिवाजी ब्रिज. ज्यांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला आणि शिवजयंतीला चालना दिली, त्यांचे आणि महाराजांचे नाव असे एकाच लाइनवर लागोपाठ आले.

नाव बदलले, पण पुलाखालचा रस्ता आजही लोकांच्या तोंडी मिंटो ब्रिजच आहे, आणि त्याचे दुखणेही जुनेच आहे. गाडीला तीव्र चढ चालत नाही. दोनशेला एक चढ धरला तरी रूळ एक मीटर उचलायला दोनशे मीटर लांबी लागते. म्हणून शहरात बहुतेक वेळा रूळ जागेवर राहतात आणि रस्ता खाली उतरतो. खाली उतरलेला रस्ता म्हणजे बशी. चहूकडचे पाणी तेथे धावते आणि पंप कमी पडला की भरते. १९ जुलै २०२० रोजी मिंटो ब्रिजखाली एका टेम्पोचालकाचा बुडून मृत्यू झाला.

हे फक्त दिल्लीचे नाही. १३ सप्टेंबर २०२४ रोजी, घरोघरी गणपती बसलेले असताना, आपल्या ओल्ड फरीदाबादच्या रेल्वे अंडरपासमध्ये बँकेतील दोन कर्मचारी गाडीसकट बुडाले. वरून पाणी सपाट दिसते, खोली कळत नाही. अंधारात तर मुळीच नाही.

म्हणून एक विनंती. विसर्जनाच्या दिवशी पाऊस असेल तर अंडरपासचा रस्ता धरू नका. पाणी दिसले की गाडी मागे घ्या, लांबचा रस्ता पत्करा. ट्रकवर मूर्ती असेल तर पुलाआधीचा हाइट गेज पाहून, मूर्तीची उंची मोजूनच निघा. अर्धा तास उशीर झाला तर बाप्पा रागावणार नाही.

गणपती बाप्पा मोरया!