किरकोळ फिर्याद

पोलीस ठाणे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे खून, दरोडा, दंगल अशा मोठ्या गोष्टी येतात. प्रत्यक्षात ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर उभा असलेला माणूस बहुधा वेगळ्याच कामासाठी आलेला असतो. शेजाऱ्याच्या कोंबड्या अंगणात वाळत घातलेली ज्वारी टिपतात. वरच्या घराच्या पन्हाळीचे पाणी आपल्या भिंतीवर पडते. बांधावरची बाभूळ कोणाची, नळावर घागर आधी कोणी लावली, लग्नपत्रिकेत भावकीतल्या एकाचेच नाव का गाळले, अशा या तक्रारी. शिरूर-दौंडकडच्या गावांत त्यांचे किस्से पारावर चवीने सांगितले जातात. आम्हीही ते ऐकून पोट धरून हसलो आहोत. परंतु याच मुलखातले सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीचे एक प्रकरण वाचल्यापासून आमचे हसू जरा सावध झाले आहे. त्या प्रकरणाकडे येण्यापूर्वी या किरकोळ तक्रारींची जातकुळी पाहू.

हा मुलूख नद्यांच्या काठचा. शिरूर घोड नदीवर वसलेले, म्हणून त्याचे दुसरे नाव घोडनदी. दौंड भीमेच्या काठी. दोन्ही ठिकाणी नदी ओलांडली की पुणे जिल्हा संपतो आणि नगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा लागतो. नदीपार चरायला गेलेली शेळी हरवली तर तिची तक्रार अलीकडे द्यायची की पलीकडे, हा प्रश्न शेळीला पडत नाही, मालकाला पडतो. त्यात दौंड हे रेल्वेचे जंक्शन. फलाटावर पिशवी गेली तर लोहमार्ग पोलीस, स्टेशनाबाहेर गेली तर शहराचे ठाणे. पिशवी नेमकी कोणत्या पायरीवर गेली हे जर मालकाला ठाऊक असते तर ती गेलीच नसती. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, खबर घ्यावीच लागेल, ही ‘झिरो नंबर’ची पद्धत आता २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने कायद्यातच आणली आहे.

ठाण्याची बोली ऐकण्यासारखी असते. फिर्याद, जबाब, मुद्देमाल, दखल, फौजदार, हवालदार हे शब्द फार्सी-अरबीतून आले आणि मराठीत असे मुरले की आज ते कोणालाही परके वाटत नाहीत. ‘पंचनामा’ या शब्दात तर ‘पंच’ इथल्या मातीतले आहेत आणि ‘नामा’ फार्सी आहे. दोघे एकाच कागदावर शेकडो वर्षे नांदत आहेत. फार्सीत ‘फर्याद’ म्हणजे मदतीसाठी मारलेली हाक. हा मूळ अर्थ वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

कायद्याने या हाकांचे दोन भाग केले: दखलपात्र आणि अदखलपात्र. अदखलपात्र म्हणजे ज्यात पोलिसांना मॅजिस्ट्रेटच्या हुकमावाचून तपास करता येत नाही. लोक त्याला ‘एन.सी.’ म्हणतात. १८९८ आणि १९७३ या दोन्ही फौजदारी प्रक्रिया संहितांत ही तरतूद कलम १५५ मध्ये होती. त्यामुळे गावोगाव ‘३२३, ५०४, ५०६’ हे आकडे शाळेत न गेलेल्या माणसालाही पाठ झाले. साधी मारहाण, अपमान आणि धमकी असा त्यांचा अर्थ. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि हे आकडे बदलले, भांडणे मात्र तीच राहिली.

याहून मौजेचे कलम म्हणजे भारतीय दंडसंहितेतले ९५ वे. आता ते न्याय संहितेत ३३ वे झाले आहे. सामान्य समजुतीचा आणि स्वभावाचा माणूस ज्याबद्दल तक्रार करणार नाही इतके क्षुल्लक नुकसान झाले असेल, तर तो गुन्हाच नव्हे, असे ते सांगते. मेकॉलेच्या विधी आयोगाने १८३७ साली संहितेचा मसुदा केला, तेव्हा या कलमाचे कारण गमतीदार उदाहरणांनी समजावले होते. दुसऱ्याच्या दौतीत लेखणी बुडवली तर शब्दशः ती चोरीच. घोडा दौडवत जाताना कोणाच्या अंगावर धूळ उडवली तर तो हमला. असे धरले तर सारे जग तुरुंगात जाईल, ही त्यांची अडचण होती.

हे कलम थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले ते मुंबईतल्या एका भांडणामुळे. घरमालक आणि भाडेकरू यांची कुरबूर होती. बाचाबाचीत भाडेकरू बाजूच्या माणसाने मालकिणीच्या नवऱ्यावर कागदांची फाईल भिरकावली. ती त्याला न लागता मालकिणीच्या कोपराला लागली आणि ओरखडा आला. या ओरखड्याचा निकाल देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयाने १९६६ साली दिला: इजा क्षुल्लक आहे, गुन्हा नाही. मात्र त्याच निकालात न्यायालयाने एक शहाणपणाची गोष्ट सांगितली. क्षुल्लक काय हे केवळ जखमेच्या मापावरून ठरत नाही. माणसे कोण, त्यांचे नाते काय, प्रसंग कोणता, हेतू काय, हे सर्व पाहावे लागते.

नेमके हेच आमचे जुने गाव जाणत होते. पेशवाईच्या कागदांत मानपानाचे तंटे जागोजाग सापडतात. पोळ्याला पहिला बैल कोणाचा, होळीत पहिली पोळी कोणाची, वाजंत्री कोणाच्या दारी आधी वाजायची, यांवरून पिढ्यान्‌पिढ्या दावे चालत. आज ते वाचून हसू येते. परंतु त्या पोळीवर वतन अवलंबून होते. पहिली पोळी सुटली तर उद्या पाटीलकी सुटेल, ही भीती खोटी नव्हती. इंग्रजी अमलात १८६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने किरकोळ मारहाण-शिवीगाळीचा निवाडा करण्याचा अधिकार पोलीस पाटलाला देता येई आणि तो आरोपीला २४ तासांपर्यंत चावडीत बसवू शके. म्हणजे गावातल्या गावात राग निवण्याची एक जागा होती.

आता त्या प्रकरणाकडे वळू. शिरूर तालुक्यात करडे नावाचे गाव आहे. तिथले बाबासाहेब देशमुख हे खानदानी गृहस्थ कर्जात बुडाले होते. काळूराम नावाच्या सावकाराने त्यांच्यावर हुकूमनामा मिळवला आणि १८७४ साली त्यांचे घर व जमीन १५० रुपयांना घेतली. देशमुखांनी भाडे भरून त्याच घरात राहण्याची तयारी दाखवली. सावकाराने ते ऐकले नाही, वाडाच पाडून टाकला. मग गावाने सावकारांशी व्यवहार तोडला. त्यांची शेते कोणी कसेना, पाणी कोणी भरेना, जिन्नस कोणी देईना. न्हावी त्यांची दाढी करीना.

क्षणभर अशी कल्पना करावी की यातला कोणी सावकार ठाण्यात येऊन म्हणतो आहे, “साहेब, गावचा न्हावी माझी दाढी करीत नाही.” कोणते कलम लावणार? वस्तरा न चालवणे हा कुठल्याही संहितेत गुन्हा नाही. अंमलदार हसेल, शेजारचा शिपाईही हसेल, आणि दाढी वाढलेला माणूस तसाच परत जाईल. दुसऱ्या बाजूने पाहिले तरी तेच. देशमुखांनी येऊन सांगितले असते की माझ्या डोळ्यांदेखत माझा वाडा पाडला, तर उत्तर मिळाले असते की घर कायद्याने त्याचे आहे, तो काहीही करील. दोन्ही हाका अदखलपात्र!

पाच महिन्यांनी, १२ मे १८७५ रोजी, सुप्याच्या बाजारात आसपासचे शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जरोखे मागून घेऊन जाळले. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. त्या वेळी ते दौंडप्रमाणेच भीमथडी तालुक्यात होते. तिथून दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत पसरले. लष्कर बोलवावे लागले आणि ९५१ माणसांना अटक झाली. पुढे सरकारने चौकशी समिती नेमली, तिचा अहवाल इंग्लंडच्या पार्लमेंटपुढे गेला, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा करावा लागला. १८७५ च्या दंग्यांचे कारण करडेचा न्हावी नव्हता हे उघड आहे. कारण होते कर्ज, सारा आणि कापसाचे कोसळलेले भाव. परंतु साचलेला दाह पहिल्यांदा वर आला तो वाढलेल्या दाढीच्या रूपाने, आणि ती तर किरकोळ बाब होती.

यावरून आम्हाला वाटते ते असे. किरकोळ तक्रारींची वही ही गावाची नाडी आहे. दोन मोहल्ल्यांतली मोठी भांडणे पुष्कळदा पोरांच्या क्रिकेटच्या चेंडूवरून किंवा पतंगाच्या मांज्यावरून सुरू झालेली असतात. नवऱ्याने मारले म्हणून आलेल्या बाईची नोंदही वर्षानुवर्षे त्याच ३२३ मध्ये, कोंबडीच्या भांडणाशेजारी होत आली. दोन्ही नोंदी अदखलपात्रच. पण त्यांतली एक हसण्यासारखी आणि दुसरी रडण्यासारखी आहे, हे वही सांगत नाही. ते माणसानेच ओळखायचे असते. कायद्यातला तो ‘सामान्य समजुतीचा माणूस’ कोण, त्याच्या अंगावर कधी धूळ उडाली आहे का, हा खरा प्रश्न आहे.

१५ ऑगस्ट २००७ रोजी राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावचे तंटे गावातच मिटावेत, हा तिचा हेतू चांगला होता. फक्त तंटा मिटणे आणि दुबळ्याने गप्प बसणे या दोन गोष्टी कागदावर सारख्याच दिसतात, एवढे भान ठेवायला हवे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत अदखलपात्र नोंदींचा अहवाल दर पंधरवड्याला मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचा आहे. तो नीट वाचला गेला तर पुष्कळ दंगे कागदावरच विझतील.

किस्से आम्ही यापुढेही ऐकू आणि हसूही. कोंबडीने ज्वारी खाल्ली याला हसायचे नाही तर कशाला? पण हसून झाल्यावर फिर्यादीला बसायला खुर्ची द्यावी, पाणी द्यावे आणि एवढेच विचारावे, “कोंबडीचे झाले, आता खरे काय झाले ते सांगा.” फिर्याद म्हणजे हाक. ती कशासाठी मारली हे हाक मारणाऱ्यालाही कधी कधी नीट सांगता येत नाही. करडेच्या वेळी ते कोणी विचारले नाही.