अण्णा चालतात, बाया मोजतात

नळ स्टॉपचा सिग्नल लाल झालाय. डोक्यावरून मेट्रो जाते, शेजारच्या बसमधून कंडक्टर 'कर्वे पुतळा, कर्वेनगर' असं ओरडतो आणि तुम्ही घड्याळात बघता. दिवसातून चार वेळा हे आडनाव तुमच्या कानावर पडतं. रस्ता, पुतळा, नगर. त्या आडनावाचा एक माणूस होता आणि त्याच्या घरात एक बाईही होती, हे सिग्नल सुटेपर्यंत आठवायला सवड कुणाला असते?

आज काढा सवड. मेट्रोचे खांब पुसा. दुकानं, पाट्या, डांबर, सगळं पुसत मागे या. तारीख धरा 11 मार्च 1893.

पुण्यातल्या एका लग्नाला तुम्ही आला आहात. नवरा धोंडोपंत कर्वे, पस्तिशीच्या उंबरठ्यावरचा बिजवर. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवतो. टिळक बाहेर पडल्यावर गणिताला माणूस हवा होता, म्हणून गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1891 साली त्याला मुंबईहून बोलावून घेतलं. त्याच वर्षी पहिली बायको राधाबाई गेली. पदरी रघुनाथ नावाचा मुलगा. नवरीकडे मात्र जरा नीट बघा. देवरुखच्या जोश्यांची गोदूबाई. आठव्या वर्षी लग्न आणि तीन महिन्यांत वैधव्य. धोंडोपंतांचे मित्र नरहरपंत जोशी यांची ही बहीण. पंडिता रमाबाईंनी 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन उघडलं, तिथली ही पहिली विधवा विद्यार्थिनी. सदन उघडल्याला आज बरोबर चार वर्षं झाली. तारीख मुद्दाम धरली होती की योगायोग, ते तुम्ही विचारू नका. पाहुण्यानं मांडवात असले प्रश्न काढायचे नसतात.

कपाळावर कुंकू लागतं. वीस वर्षांनी. मांडवातल्या बायका बघतात आणि लगेच नजर वळवतात. गोदूबाईंचं नाव आता आनंदीबाई. पुढे सगळं जग त्यांना बाया म्हणेल आणि धोंडोपंतांना अण्णा, म्हणून तुम्हीही आत्तापासून तसंच म्हणा.

मंगलाष्टकं संपतात न संपतात तोच खाली कोकणात उतरा. मुरुड. बातमी तुमच्या आधी पोचली आहे. गावानं बैठक बसवून ठराव केलाय: अण्णा घरी आले तर घरच्यांवरही बहिष्कार. घरी आई आणि थोरला भाऊ. ठराव करणारी माणसं दुष्ट नाहीत, हेच जास्त अवघड आहे. यातल्या कुणीतरी लहानपणी अण्णांना कडेवर घेतलं असणार. इथं फार वेळ थांबू नका, आईच्या तोंडाकडे तर बघूच नका.

आता 1900 सालचा पावसाळा. चप्पल हातात घ्या, कारण हिंगण्याची वाट चिखलाची आहे. संध्याकाळ झालीय. कॉलेज सुटल्यावर तुमच्या पुढे एक बारीकसा माणूस धोतर वर खोचून चाललाय. न थांबता, न बोलता. तुम्हाला धाप लागते, त्यांना लागत नाही. लागेल कशी? 1875 साली सहावीच्या परीक्षेला हे मुरुडहून साताऱ्याला भर पावसाळ्यात पायी गेले होते, शंभराहून अधिक मैल. तिथं साहेबानं बघितलं आणि वय लहान दिसतंय म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. त्या पायांना हिंगणं म्हणजे अंगण.

1896 साली स्वतःचे हजार रुपये घालून त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. रामकृष्णपंत भांडारकर अध्यक्ष. प्लेगाच्या दिवसांत गावाबाहेर जागा हवी झाली, तेव्हा रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी हिंगण्याची सहा एकर जमीन आणि 750 रुपये दिले. तिथं एक झोपडी उभी राहिली. रोज दिवसभर फर्ग्युसनमध्ये समीकरणं आणि अंधार पडायच्या सुमाराला ही वाट. पाऊल निसटतं, तुम्ही बाभळीला धरता, काटा रुततो. वर बघता तो अण्णा बरेच पुढे गेलेले. मागे वळून बघायची त्यांना सवय नाही.

तुम्ही मात्र वळा. झोपडीकडे सगळेच जातात, चरित्रकारसुद्धा. तुम्ही शहरात या, बाया आहेत तिथं.

आश्रमात विधवांच्या आईबापांनी मुली पाठवायच्या तर तिथं पुनर्विवाहाचा वाससुद्धा येता कामा नये, असा अण्णांचा हिशेब. म्हणून आश्रम आणि पुनर्विवाह ही दोन्ही कामं त्यांनी कटाक्षानं वेगळी ठेवली. गणित बरोबर होतं. पण त्या गणितात बाया कुठे बसणार? त्यांच्या कपाळावरचं कुंकू हाच तर तो वास. त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, विधवा, ती आश्रमात शिकली, पुढे आश्रमासाठी वर्गणी मागत पार अमेरिकेला जाऊन आली. एकाच घरातल्या दोघी बहिणी. जिनं पुन्हा संसार मांडला ती उंबऱ्याबाहेर. मला हे वाचताना दर वेळी अण्णांचा राग येतो. आणि आश्रम त्यामुळेच टिकला, हेही दर वेळी कबूल करावं लागतं.

रात्र आहे. पोरं झोपली आहेत. तुम्ही भिंतीआड उभे, त्यामुळे शब्द कळत नाहीत, फक्त आवाज वरखाली होतो. विषय मात्र ठाऊक आहे. बायकोमुलांसाठी उतरवलेली 5000 रुपयांची विम्याची पॉलिसी अण्णांनी आश्रमाच्या नावे करून टाकली आहे. बायांचा आवाज चढतो. मग बराच वेळ काहीच नाही. अण्णा गप्प बसण्यात पटाईत होते, आणि गप्प बसणाऱ्या माणसाशी भांडण्याइतकं दमवणारं काम नाही. ज्यांनी संसार केलाय त्यांना सांगायला नको. डब्याचं झाकण लागतं. पितळेचं असावं. बाया तांदूळ मोजत असाव्यात.

रडत बसणारी बाई नव्हे ही. नागपूरला जाऊन सुईणपणाचं शिक्षण घेऊन आल्या. नवरा जगाच्या लेकी सांभाळणार, तर आपल्या घरात चार पैसे कुणीतरी आणायला हवेत. शंकर, दिनकर, भास्कर अशी मुलं वाढली. शंकर डॉक्टर होऊन आफ्रिकेत गेले, दिनकररावांशी लग्न होऊन इरावतीबाई सून म्हणून घरी आल्या.

पुढची वर्षं भराभर उलटा. 1914, अण्णा फर्ग्युसनमधून निवृत्त. 1916, महिला विद्यापीठ. 1920, त्या विद्यापीठाला ठाकरसींचे पंधरा लाख. पंधरा लाख! हा आकडा ऐकून बायांना पाच हजार आठवले असतील का? मला तर वाटतं, पहिल्यांदा तेच आठवले असतील.

आता दोन पुस्तकं शेजारी ठेवा. अण्णांचं 1915 सालचं, नाव 'आत्मवृत्त'. जपून, मोजून, गणिताच्या मास्तराला शोभेल असं. बायांचं 1944 सालचं, सूनबाई कावेरी कर्वे यांनी संपादित केलेलं, नाव 'माझे पुराण'. नाव वाचून तुम्हाला हसू येईल. आपल्याकडे बाई सलग बोलायला लागली की म्हणतात, हिनं लावलं पुराण. बायांनी तोच शब्द उचलून मुखपृष्ठावर ठेवला. वसंत कानेटकरांनी पुढे कर्व्यांच्या संसारावरून बेतलेलं नाटक लिहिलं, 'हिमालयाची सावली'. नाटक चांगलंच आहे. नाव मला कधी पटलं नाही. सावलीला तांदूळ मोजावे लागत नाहीत.

1950 साल. बाया गेल्या. 57 वर्षांचा संसार. अण्णांना अजून बारा वर्षं काढायची आहेत.

शेवटचा थांबा 18 एप्रिल 1958. अण्णांची शंभरी. याच वर्षी भारतरत्न. तुम्ही पोस्टात रांगेत उभे आहात. आज त्यांचं टपालाचं तिकीट निघालंय. हयात असताना तिकिटावर आलेले हे पहिलेच भारतीय. किंमत 15 नये पैसे. तुम्ही पैसे सरकवता, तिकीट हातात येतं. छोटंसं. त्यावर अण्णा एकटेच. मागच्या माणसाला घाई आहे. तुम्ही बाजूला होऊन तिकिटाची मागची बाजू ओली करता, पाकिटावर चिकटवता आणि पत्ता लिहायला घेता. गाव लिहून होतं, हिंगणे बुद्रुक. वर नाव कुणाचं लिहायचं, तिथं पेन अडतं.