दुष्काळी सालातली गिटार

साल १९७२. पारनेरच्या माळावर पाझर तलावाचं काम चाललंय आणि तू भरावावर मुरमाचं घमेलं रिकामं करतो आहेस. पावसानं यंदाही पाठ फिरवली. खाली बायका खडी फोडताहेत. हातोड्यांच्या ठेक्यावर एकजण ओवी उचलते, दुसरी ती पुढं नेते. दुपारी सुकडी, रात्री लाल मिलोची भाकरी. मुकादम हजेरी घेताना विचारतो, "आरं, तुझा चुलता म्हमईला हाय ना? मग हितं कशाला माती वाहतो?"

सुपे, शिरूर, पुणे करत एस.टी.नं तू निघतोस. लालबागला चुलत्याच्या खोलीत पाळीपाळीनं झोपायचं. गिरणीत बदलीवरही नंबर लागत नाही, म्हणून गाववाला तुला कुलाब्याला कोल्ड्रिंकचे क्रेट उतरवायच्या कामाला लावतो. त्या क्रेटसकट एका रात्री तू तिथल्या 'स्लिप डिस्क' या नाइटक्लबमध्ये शिरतोस.

स्टेजवर लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडमधले दोघं आहेत. इथल्या वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' नव्यानं ध्वनिमुद्रित करायला ते मुंबईत आलेत (ती ध्वनिमुद्रणं अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं). रॉबर्ट प्लांट गातो. जिमी पेज, वय २८, गिटारवर वाकलेला. त्याच्या डाव्या हाताकडं बघ. बोट तार दाबतं आणि आडवी ओढतं. सूर चढतो, पुढच्या सुराला पुरता टेकत नाही, मधेच थरथरत राहतो. ही जागा तुझ्या ओळखीची आहे. खडी फोडणारी ओवीच्या शेवटी आवाज सोडते, तो असाच अधांतरी लोंबतो.

पेजनं ही जागा विलायतेत पोरवयात अमेरिकन ब्लूजच्या रेकॉर्डी ऐकून-ऐकून मिळवली. ती आली कुठून, ते बघायला आणखी मागं चल.

१९२७. मिसिसिपीला महापूर आलाय. नदीकाठच्या मातीच्या बांधावर कृष्णवर्णीय मजूर वाळूची पोती रचताहेत, काही ठिकाणी तर बंदुकीच्या धाकाखाली. बांध फुटतात, कापसाची शेतं बुडतात, लाखो माणसं बेघर होतात. तू पाण्यासाठी बांध घातलास, ते पाण्याच्या भीतीनं घालताहेत. गाव मात्र दोघांचंही सुटतं. तुला मुंबई, त्यांच्यातल्या अनेकांना शिकागो.

दोन वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये मेम्फिस मिनी आणि तिचा नवरा कॅन्सस जो मॅकॉय या पुरावर 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' ध्वनिमुद्रित करतात. गातो जो, गिटारवर मिनीची बोटं अशी सफाईनं पळतात की ऐकणाऱ्यानं गाणं सोडून त्यांच्याच मागं जावं.

१९७१ साली तेच गाणं लेड झेपलिनच्या चौथ्या अल्बमवर आलं. हॅम्पशायरमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत जॉन बॉनमचे ड्रम जिन्याच्या तळाशी मांडले आणि मायक्रोफोन वर टांगले. प्रत्येक ठोका जिनाभर घुमून वर चढतो. तीन मिनिटांचं गाणं सात मिनिटांचं झालं, आणि मला पेजचं सगळ्यात मोठेपण तिथं दिसतं. निर्माता तोच होता. त्यानं घाई केली नाही, बोटांची करामत दाखवली नाही; पाणी चढत राहावं तसं गाणं चढू दिलं.

या अल्बमवर मेम्फिस मिनीचं नाव गीतकारांत छापलंय. १९६९चं 'होल लोटा लव्ह' विली डिक्सनच्या गाण्यावरून घेतलेलं, पण त्यावर त्याचं नाव नव्हतं. त्याला १९८५ साली कोर्टात जावं लागलं, मग तडजोड झाली. पेज मला जिवापाड आवडतो, म्हणूनच ही गोष्ट बोचते. ज्यांच्या हालअपेष्टांतून हे संगीत उगवलं, त्यांचं नाव त्यांना मिळायलाच हवं.

तर आता 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'ची ती दोन्ही रूपं पाठोपाठ ऐक. आधी मिनी आणि जोचं.