परागमापन व परागांदाज

परागमापन : हवेतील परागकणांची दैनंदिन मोजणी; तिच्या आधारे पुढील दिवसांचे प्रमाण वर्तवणे म्हणजे परागांदाज. जे. एम. हर्स्ट यांनी 1952 मध्ये इंग्लंडमध्ये या मोजणीसाठी स्वयंचलित सापळा तयार केला. तो मिनिटाला 10 लिटर हवा ओढतो. आतली चिकट पट्टी तासाला 2 मिमी. सरकत असल्याने कोणत्या तासाला कोणते कण पडले हे सूक्ष्मदर्शकाखाली कळते. प्रमाण दर घनमीटर हवेतील कणसंख्येत देतात. मराठवाड्यात औरंगाबादचे एस. टी. टिळक यांनी ‘टिळक एअर सॅम्पलर’ वापरात आणला. अंदाजासाठी फुलोऱ्याचा काळ, तापमान, वारा व पाऊस विचारात घेतात. चांगली सर आली की परागकण खाली बसतात. महाराष्ट्रात गवते व गाजर गवत (पुण्यात 1950 च्या दशकात प्रथम आढळले) परागकणांच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. दमा व नासिकादाहाच्या रुग्णांना पूर्वसूचना उपयोगी पडते. (पहा : ॲलर्जी, परागण, वायुजीवविज्ञान).